‘तुझं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न आता पुरे

माझी मुलगी तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांची होती. पुण्यात भाड्याच्या घरात राहत होतो. बेडरूममध्ये चार ड्रॉवरचं एक कपाट होतं, माझ्या छातीइतकं उंच, प्लायचं, वरून सनमायका लावलेलं. सुताराने आमच्याच बाल्कनीत बसून केलेलं. दुपारी बाराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. आतून आवाज आला तो धाडकन आदळल्याचा नव्हता. भरलेलं पोतं कुशीवर कलंडावं तसा दबका होता. त्याच्यामागून रडणं आलं नाही, म्हणून मी पळाले.

कपाट पुढे झुकून पलंगाच्या कडेवर टेकलं होतं. ड्रॉवर पुढे लोंबत होते, कपडे सांडले होते. कपाट, पलंग आणि फरशी यांच्यामध्ये जी तिकोनी जागा उरली होती, तिच्यात ती उताणी पडली होती, डोळे सताड उघडे. पायाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. कपाटावर चार्जिंगला लावलेला मोबाइल पलंगावर घसरला होता आणि अजून चार्ज होतच होता. त्या मोबाइलसाठी तिने ड्रॉवर खालून वर एकेक ओढले होते आणि त्यांच्या पायऱ्या केल्या होत्या.

पलंग त्या जागी येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आधी तो खिडकीपाशी होता. दुपारचं ऊन तोंडावर येतं म्हणून आम्ही तो सरकवला होता.

पुढच्या दोन दिवसांत ज्याच्या ज्याच्या कानावर हे गेलं, त्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला. सासूबाईंनी फोनवर विचारला, शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून विचारला, पाय दाखवायला गेले तिथल्या डॉक्टरांनीही विचारला. ‘तुझं लक्ष कुठे होतं?’ मी प्रत्येकाला खरं सांगितलं, की फोडणीत होतं. माझ्या नवऱ्याला हा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि अकरा किलोच्या मुलीच्या वजनाने पाच माणसांचे कपडे मावणारं कपाट उलटतंच कसं, हे तर एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. घरातल्या लहान मुलांचे अपघात हा आपण आईच्या लक्षाचा प्रश्न करून टाकला आहे. खरं तर तो वस्तूंच्या घडणीचा, बसवण्याचा आणि विकण्याचा प्रश्न आहे, म्हणजेच सार्वजनिक प्रश्न आहे. जोवर तो आईच्या पदरात बांधलेला आहे तोवर सुताराला, दुकानदाराला, बिल्डरला, घरमालकाला आणि सरकारला त्याबद्दल काहीच करावं लागत नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी कपाट उभं केलं आणि ड्रॉवर एकेक करून बाहेर ओढून पाहिले. एक ओढला तर कपाट ढिम्म हललं नाही. दोन ओढल्यावर वरून हात दाबला तर मागची कड किंचित उचलली जाते असं वाटलं. तिसरा ओढल्यावर मी दोन बोटांनी दाबलं आणि ते पुढे आलं. कारण अगदी साधं आहे. भरलेला ड्रॉवर बाहेर आला की वजन पायांच्या पुढे जातं. त्यावर मूल चढलं की तेही वजन पुढेच पडतं. आमच्या आईच्या काळच्या लाकडी टेबलाचा खण ओढताना करकरायचा आणि अर्ध्यात अडकायचा. आताच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पट्ट्यांवर, ड्रॉवर एका बोटाने शेवटपर्यंत सुळ्ळकन बाहेर येतो. मोठ्यांच्या सोयीसाठी केलेली ही सुधारणा दोन वर्षांच्या मुलाच्या हातात आयती शिडी देते. त्यात आपल्या फरशा गुळगुळीत, त्यांना मोरीकडे किंवा दाराकडे उतार दिलेला. कपाट डुगडुगू नये म्हणून आपण एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो. कित्येक घरांत ही घडी पुढच्या पायाखाली नाही, मागच्या पायाखाली असते.

आपल्या भाषेत फडताळ हा शब्द आहे. नव्या घरांत वस्तू राहिली नाही म्हणून शब्दही विसरत चाललाय. फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीत कोरलेलं कपाट. कोनाडा तसाच. भांड्यांची मांडणी भिंतीत खुंट्या ठोकून बसवलेली. वाड्यातलं, चाळीतलं बरंचसं सामान हे असं भिंतीचाच भाग होतं. जे मोकळं होतं ते बुटकं होतं: पाट, पेटी, ट्रंक. जुन्या घरांत धोके नव्हते असं मी अजिबात म्हणणार नाही. विळी जमिनीवर होती, चूल जमिनीवर होती, आड उघडा होता. पण उंच आणि भिंतीपासून सुटं सामान ही आपल्याकडे तशी नवीच गोष्ट आहे. फ्लॅटच्या भिंती पातळ झाल्या, फडताळ गेलं, सुटं कपाट आलं. ते भिंतीला बांधायचं राहून गेलं.

अमेरिकेत हे ध्यानात यायला मुलांचे जीव जावे लागले. २०१६ मध्ये आयकिया कंपनीला तिथे विकलेली सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलवावी लागली, कारण ती अंगावर पडून मुलं दगावली होती. कंपनी सोबत भिंतीला बांधायचा पट्टा देत होती, पण तो बांधणं ग्राहकावर सोडलेलं होतं. ज्यांची मुलं गेली त्या आईबापांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २०२२ च्या डिसेंबरात ‘स्टर्डी’ नावाचा कायदा झाला. आता तिथे ठरावीक उंचीवरचं कपड्यांचं कपाट बाजारात आणायचं असेल तर ते चाचणीत उभं राहावं लागतं. ड्रॉवर भरलेले, एकापेक्षा जास्त ड्रॉवर उघडे, खाली गालिचा, आणि मूल लोंबकळल्याचा भार. हा भार २७ किलोपर्यंतच्या मुलांचा धरायचा. त्या आईबापांना ‘लक्ष ठेवा’ अशी मोहीम चालवता आली असती. त्यांनी कपाट बदलायला लावलं.

आपल्याकडे २०२५ मध्ये केंद्र सरकारने फर्निचरला आयएसआयची खूण सक्तीची करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यात सामान ठेवायची कपाटं, पलंग, बंक बेड आहेत. हे पाऊल चांगलंच आहे. पण आयएसआयची खूण कारखान्यातून निघणाऱ्या मालावर बसते. माझं कपाट सुताराने आमच्या बाल्कनीत करवतीने प्लाय कापून केलं होतं. मी त्याला बोलावून सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, ‘ताई, एवढं जड कपाट कधी पडेल असं डोक्यातच आलं नाही. आम्हाला कोणी शिकवलंच नाही.’ माणूस खरं बोलत होता. त्याने वरच्या बाजूला दोन एल-अँगल लावून दिले, भिंतीत प्लग ठोकून स्क्रू घट्ट केले. पंधरा मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत. अँगल त्याच्या पिशवीतच होते.

माझा आग्रह इथे आहे. गिझर घेतला की कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन येतो. एसीचं तसंच, टीव्हीचं तसंच. भिंतीला न लावता गिझर मोरीत ठेवून कोणी निघून जात नाही. मग कपाट ‘कुठे ठेवू?’ असं विचारून टेम्पोवाला निघून कसा जातो? ड्रॉवरचं किंवा छातीच्या वर उंचीचं सामान भिंतीला बांधून दिल्याशिवाय काम पुरं झालं असं धरायचं नाही, हा नियम दुकानांना सक्तीचा करता येईल. सुतारांसाठी सक्ती चालणार नाही, शिकवणं चालेल. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं जातं, तिथे हा एक धडा घातला तर दहा वर्षांत प्रत्येक नाक्यावर तो पोचेल.

‘लक्ष ठेवा’ हे सांगणं फुकट असतं म्हणून ते सगळ्यांना आवडतं. पण दीड-दोन वर्षांचं मूल दिवसाचे दहाबारा तास जागं असतं. त्या वेळात दूध उतू जातं, दार वाजतं, मोठ्या मुलाचा डबा भरायचा असतो, बाईला संडासला जावं लागतं. इतके तास अखंड एकाच गोष्टीवर लक्ष ठेवणं कुणाही माणसाला जमत नाही. कारखान्यात यंत्राच्या पट्ट्याला जाळी लावतात, कामगाराच्या लक्षावर सोडत नाहीत. आणि हे आपल्याच ओट्यावर बघा ना. कुकरची शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर वाफ आहे तोवर उघडतच नाही. कुकर बनवणाऱ्याने गृहीत धरलं, की बाईचं लक्ष कधीतरी दुसरीकडे असणार, आणि तसा कुकर घडवला. यात त्याने तिच्यावर अविश्वास दाखवला नाही, तिला माणूस मानलं.

फ्रिजचंही तेच. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून कडी बसायची. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं आत अडकून गुदमरली. १९५६ मध्ये कायदा झाला की फ्रिजचं दार आतून ढकललं तर उघडलं पाहिजे. आज दाराला चुंबकाची पट्टी असते. तो फ्रिज आपल्याही घरात आहे, आणि त्यासाठी कुणा आईला काही करावं लागत नाही.

आता बादलीबद्दल. याचसाठी खरं तर मी लिहायला बसले. बाजारात लहान मुलांच्या सुरक्षेचं म्हणून जे सामान मिळतं ते टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे रबर, कपाटाची कुलपं, दारात अडकवायच्या जाळ्या असं असतं. ते वाईट नाही. पण ती यादी दुसऱ्याच कुणाच्या घरावरून केलेली आहे. आपल्या घरातली सर्वांत धोक्याची वस्तू बहुधा बाथरूममधली भरलेली बादली आहे. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. काठाला धरून वाकलं की ते डोक्यावर आत जातं. हातांत स्वतःला वर काढण्याची ताकद नसते आणि भरलेली बादली त्याच्या वजनाने उलटत नाही. नाकातोंडात जायला वीतभरही पाणी लागत नाही. आवाज होत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, कारण ओरडायला हवाच नसते.

यावरचा छापील सल्ला असतो: बादल्या रिकाम्या ठेवा. हा सल्ला चोवीस तास नळ असणाऱ्याने दिलेला आहे. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी दोन तास यायचं. मराठवाड्यात कित्येक ठिकाणी आठवड्यातून एकदा येतं. तिथे घरात हंडे, कळशा, बादल्या आणि निळी दोनशे लिटरची पिंपं भरून ठेवल्याशिवाय जगता येत नाही. त्या घरातल्या आईला ‘पाणी साठवू नका’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. तिला घट्ट बसणारं झाकण हवं. बादली विकताना झाकण सोबत का येत नाही? रंगाच्या डब्याला येतं, पिठाच्या डब्याला येतं. टंचाईच्या गावांत पाणी साठवायला टाक्या वाटल्या जातात, त्या योजनेत झाकणाच्या बादल्या का नाहीत? हिवाळ्यात यात आणखी एक भर पडते ती पाणी तापवायच्या रॉडची. लोखंडी बादलीत रॉड सोडलेला, बटण चालू, वायर जमिनीवरून ओढलेली. त्यात विजेचा झटका आहे, भाजणं आहे, बुडणं आहे. तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीजगळती ओळखणारं उपकरण, ज्याला इलेक्ट्रिशियन अजून ईएलसीबीच म्हणतात, ते मीटरपाशी असेल तर अंगातून वीज जाऊ लागताच क्षणात ती तोडली जाते. घराच्या किमतीत ते कुठे दिसणारही नाही, पण किती जुन्या घरांत ते आहे?

बोअरवेलमध्ये मूल पडलं की दोन-दोन दिवस टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये उघड्या बोअरवेलबद्दल सूचना दिल्या: खोदण्याआधी कळवा, कुंपण घाला, फलक लावा, बंद पडली तर तळापासून वरपर्यंत भरा. योग्यच केलं. तिथे कोणी ‘आईचं लक्ष कुठे होतं’ एवढंच विचारून थांबलं नाही. भोक उघडं कोणी ठेवलं, हे विचारलं. बादलीत गेलेल्या मुलाची बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळींची असते आणि तिच्यात ‘आई कामात असताना’ हे शब्द हटकून असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात बुडून झालेल्या मृत्यूंचे पोटभेद आहेत: बोट उलटून, जलाशयात पडून आणि इतर. बादली त्या ‘इतर’मध्ये गेली. अंगावर पडलेल्या कपाटाला तर वेगळा रकानाच नाही. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी सरकारी पैसा निघत नाही.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या ठाऊक असूनही रोज घडतात. फरशी पुसायचं ॲसिड आणि रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये. मुलाने रॉकेल प्यायलं तर ओकारी काढायला लावू नये, ते फुप्फुसात उतरतं. त्याला थेट दवाखान्यात न्यावं. डांबरगोळ्या कपड्यांत सुट्या टाकू नयेत. देवघरातला कापूर दिसायला खडीसाखरेसारखा असतो, पण लहान मुलाने दोन वड्या खाल्ल्या तरी झटके येऊ शकतात. रिमोटमधला किंवा खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. सेलमधलं काही गळावंच लागतं असं नाही, ओल्या जागेत चालू झालेल्या वीजप्रवाहानेच ते होतं. आणि ज्या लाल लोहाच्या गोळ्या सरकार गरोदर बाईला तिच्या भल्यासाठी देतं, त्या घरातल्या मोठ्या भावंडाला गोळ्याचॉकलेटसारख्या दिसतात. दहा किलोच्या मुलाने तशा दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. गोळ्या देऊ नका असं मी म्हणत नाही. त्या उंचावर, कडीच्या कपाटात ठेवायच्या असतात, हे त्या देतानाच सांगितलं जावं.

संक्रांतीनंतर घरोघरी बोरन्हाण होतं. माझ्या मुलीचंही केलं. हलव्याचे दागिने, काळं झबलं, पाटावर बसलेलं मूल, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, शेंगदाणे, गोळ्या ओततात आणि जमलेली पोरं ती वेचायला धावतात. मला हा सोहळा फार आवडतो. पण ज्या मुलासाठी तो करतात ते वर्षा-दोन वर्षांचं असतं. ते हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनलिकेत गेलेली मुलं बालरोगतज्ज्ञांना नेहमी बघावी लागतात. मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा दाणा त्याला देऊ नये. दुसऱ्या खेपेला, पुतण्याच्या बोरन्हाणाला, आम्ही शेंगदाणे, हरभरे, बोरं आणि गोळ्या वगळल्या. फुलांच्या पाकळ्या आणि मोठी बिस्किटं घेतली. आजेसासूबाई आधी थोड्या नाराज झाल्या. मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या माहेरी एका मुलाच्या नाकात हरभरा गेला होता आणि तो आत फुगला होता. ही गोष्ट त्या घरात साठ वर्षं कुणी बोललं नव्हतं.

‘आम्ही नाही का वाढलो असेच?’ हे मला फार वेळा ऐकवलं जातं. जे वाढले तेच हे विचारायला उरले आहेत. आधीच्या पिढीत घरागणिक एखादं मूल ‘गेलं’ असायचं, आणि ते कशाने गेलं हे विचारायची पद्धत नव्हती. नशीब म्हणायचं, दृष्ट लागली म्हणायचं. दुसरं म्हणजे तेव्हा घरात माणसं होती. आजी दिवसभर जमिनीवर बसलेली असायची, म्हणजे तिचे डोळे मुलाच्या उंचीवर असायचे. दोन काकवा असायच्या, आठ वर्षांची आत्या कडेवर घ्यायला असायची. आज दोन खोल्यांत एक बाई आणि एक मूल असतं. माणसं कमी झाली, सामान वाढलं.

मुलाला थोडं लागू द्यावं, त्यातूनच ते शिकतं, हे मात्र मला मान्य आहे. माझ्या मुलीचे गुडघे नेहमी फुटलेले असतात आणि मी तिला झाडावरून उतरवत नाही. पायरीवरून पडलेलं मूल दुसऱ्या दिवशी पायरी जपून उतरतं. कपाट, बादली, ॲसिड आणि चौथा मजला यांतून शिकायला दुसरा दिवस मिळतोच असं नाही. म्हणून मी घराला गादी लावायला सांगत नाही. चार-सहा गोष्टी आहेत ज्यांनी झालेलं नुकसान भरून काढता येत नाही. तेवढ्याच बांधायच्या आणि झाकायच्या आहेत.

त्या बांधायच्या तर भाडेकरूचं काय? माझ्या कपाटाला लावलेले अँगल महिन्याभरात घरमालकांनी पाहिले. करारात ‘भिंतीला भोक पाडू नये’ असं कलम होतं. त्यांनी डिपॉझिटमधून पैसे कापण्याची भाषा केली. मी काय झालं ते सांगितलं. तेही म्हणाले, ‘मुलीवर जरा लक्ष ठेवा.’ बाल्कनीच्या कठड्याच्या आडव्या नळ्यांवर मूल सहज चढतं. तिथे जाळी लावायची परवानगी सोसायटीकडे मागितली, तर इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं म्हणून नाही म्हणाले. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे कराराचा मसुदा सरकारच्या नजरेखालून जातोच. त्यात एक कलम घालता येईल: घरात दहा वर्षांखालचं मूल असेल तर सामान भिंतीला बांधण्यासाठी आणि खिडकी-बाल्कनीला जाळी लावण्यासाठी घरमालक किंवा सोसायटी मनाई करू शकणार नाही.

हे अशक्य वाटत असेल तर न्यूयॉर्ककडे बघावं. तिथेही इमारती उंच आणि भाडेकरू गरीब होते. सत्तरच्या दशकात ब्राँक्स भागात उन्हाळ्यात उघड्या खिडक्यांतून मुलं पडत होती. शहराच्या आरोग्य खात्याने आधी घरोघरी जाऊन समजावलं आणि खिडक्यांना लावायचे गज फुकट दिले. १९७३ ते १९७५ या काळात ब्राँक्समधल्या पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये नियम केला: ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहतं, त्या घराच्या खिडक्यांना गज बसवणं घरमालकाचं काम. दरवर्षी घरमालकानेच भाडेकरूला विचारायचं, घरात लहान मूल आहे का? आपल्याकडे मनाई करण्याचा हक्क घरमालकाकडे आहे आणि जबाबदारी आईकडे. तिथे ती जबाबदारी त्याच्याकडे सरकवली.

आणि घरोघरी जाऊन सांगणारं माणूस आपल्याकडे आधीच आहे. आशाताई. लहान बाळांच्या गृहभेटींचा कार्यक्रम २०१८ पासून आहे. त्यात आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायचं असतं. त्या लसीकरण बघतात, खाणंपिणं विचारतात, वाढ तपासतात. नवव्या महिन्यात मूल रांगायला, धरून उभं राहायला लागतं. गोवर-रुबेलाची लसही तेव्हाच असते. घराकडे मुलाच्या उंचीवरून बघायची याहून चांगली वेळ नाही. त्या भेटीत दहा मिनिटं वाढवावीत: बादलीला झाकण आहे का, कपाट हलतं का, औषधं आणि ॲसिड कुठे आहे, सॉकेट उघडं आहे का. माता-बाल संरक्षण कार्डावर चार चौकोन छापावेत. हे करायला नवीन खातं नको, नवीन इमारत नको. मात्र आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा आहे. हे काम फुकट त्यांच्या डोक्यावर टाकायचं असेल तर मी ते मागणार नाही. एका बाईवरचं ओझं काढून दुसरीच्या पाठीवर ठेवण्याला माझा विरोध आहे. भेटीमागे पैसे वाढवा आणि सोबत दोन अँगल नि एक झाकण द्या.

आम्ही गेल्या मे महिन्यात ते घर सोडलं. कपाट नव्या घरी नेलं आणि तिथे पहिल्याच दिवशी भिंतीला लावलं, सामान उघडायच्या आधी. जुन्या घराची किल्ली द्यायला गेले तेव्हा नवे भाडेकरू घर बघायला आले होते. बाईच्या कडेवर मूल होतं, आठ-नऊ महिन्यांचं असेल, माझ्या किल्लीला हात घालत होतं. घरमालक भिंतीतली भोकं दाखवून म्हणाले, ही पुट्टीने भरून द्या. मी त्या बाईला विचारलं, तुमच्याकडे ड्रॉवरचं कपाट आहे का? होतं, उद्या टेम्पोतून येणार होतं. मी भोकं भरली नाहीत. पिशवीतून जादाचे दोन अँगल आणि स्क्रूची पुडी काढून तिच्या हातात दिली. घरमालक बघत होते. काही बोलले नाहीत.